थॉमसचा पेंढा आणि मार्गरीतचा आरसा

निळी दौत | शनिवार, रात्री १०:१२

मागच्या एका धाग्यात कुणीतरी थॉमस अक्वायनसची (तेराव्या शतकातला ख्रिस्ती धर्मपंडित) ती गोष्ट टाकली होती आणि खाली पंचवीस जणांनी हात जोडले होते. गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. ६ डिसेंबर १२७३, संत निकोलसचा सण. नेपल्समधल्या डॉमिनिकन मठात थॉमसने सकाळची मिस्सा केली आणि त्या वेळी त्याला काहीतरी झालं. त्यानंतर त्याने लेखन थांबवलं. त्याच्या ‘सुम्मा’ या मोठ्या धर्मशास्त्रीय ग्रंथाचा तिसरा भाग प्रायश्चित्ताच्या प्रकरणात मध्येच तुटला तो तुटलाच. सोबती रेजिनाल्ड मागे लागला, तेव्हा थॉमस म्हणाला, मला जे दिसलं त्यापुढे आजवर लिहिलेलं सगळं पेंढ्यासारखं वाटतं. तीन महिन्यांत, ७ मार्च १२७४ ला, तो गेला.

आता आपल्याकडे (आणि तिकडेही) याचं सार काय काढतात? पांडित्य फोल, अनुभव खरा. मठातला पंडित शेवटी शहाणा झाला. हे सार मला गेली काही वर्षं टोचतं आहे, म्हणून हा धागा.

पहिली गोष्ट. ही हकीकत आपल्याकडे येते ती थॉमसला संतपद द्यायच्या चौकशीतून. १३१९ मध्ये नेपल्सच्या राज्यातला एक मोठा अधिकारी, बार्थोलोम्यू ऑफ कापुआ, याने दिलेली ती साक्ष. घटनेला तोवर पंचेचाळीस वर्षं झाली होती, आणि बोलणं रेजिनाल्डकडून हात बदलत त्याच्यापर्यंत आलं होतं. खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण संत ठरवायच्या चौकशीत कुठल्या प्रकारच्या आठवणी वर येतात, हे कुणाही घरच्या बारशा-तेराव्याला बसलेल्या माणसाला सांगायला नको.

दुसरी गोष्ट जास्त मजेची. लेखणी ठेवलेल्या या माणसाने फेब्रुवारी १२७४ मध्ये, म्हणजे मरायच्या काही आठवडे आधी, मॉन्ते कासिनोच्या मठाधिपतीला पत्र सांगून लिहवलं आहे. विषय? देवाला पुढचं सगळं आधीच ठाऊक असेल, तर माणसाच्या स्वातंत्र्याचं काय. पोप थोरल्या ग्रेगरीच्या एका वाक्यावर भिक्षूंचं अडलं होतं, ते याने सोडवून दिलं. अगदी वर्गात सोडवतात तसं. आणि तो निघाला होता कुठे? ल्यों शहरी, धर्मपरिषदेला, पोपच्या बोलावण्यावरून. पूर्वेकडच्या ग्रीक ख्रिस्ती पंथाशी चर्चा व्हायची होती. पेंढा म्हणून फेकून दिलेल्या धंद्याच्या कामालाच माणूस निघाला होता!

आणि पेंढाच का म्हणाला? दाण्याचा देठ तो. दाणा हाती आला की पेंढा बाजूला पडतो, पण पेंढ्यावाचून दाणा आला असं कुठल्या शेतात झालंय? हा माझा अर्थ. थॉमसचा असेलच असं नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे खरा धागा. अभ्यास एकीकडे आणि अनुभव दुसरीकडे, ही वाटणी मध्ययुगात सुरुवातीपासून नव्हती. आन्सेल्म नावाच्या मठवासी पंडिताने १०७७–७८ च्या सुमाराला देवाच्या अस्तित्वाचा तो प्रसिद्ध युक्तिवाद लिहिला. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत तो काडेपेटीएवढ्या चौकटीत छापतात. मूळ पुस्तक उघडा, ती सबंध प्रार्थना आहे. तर्क देवाला उद्देशून, ‘तू’ म्हणत चाललाय. त्याला कुणी विचारलं असतं की हे ध्यान आहे की शास्त्र, तर त्याला प्रश्नच कळला नसता.

मग बाराव्या शतकात शिक्षण मठातून शहरातल्या शाळांत गेलं, तेराव्यात विद्यापीठात. पॅरिसच्या १२१५ च्या नियमांत धर्मशास्त्र शिकवायला वय किमान पस्तीस आणि किमान आठ वर्षांचं अध्ययन लागतं. भाषा लॅटिन. पदवी पुरुषांना. म्हणजे देवाविषयी अधिकाराने बोलायला आता परवाना लागू लागला, आणि नेमक्या त्याच शतकात परवाना नसलेली माणसं, त्यातही बायका, आपापल्या बोलीत देवाविषयी लिहू लागल्या. मॅग्डेबर्गची मेख्टिल्ड उत्तर जर्मनच्या बोलीत, हाडेविख डच बोलीत, मार्गरीत पोरेत फ्रेंचमध्ये.

माझं म्हणणं एवढंच: भांडण अनुभव विरुद्ध बुद्धी असं फार कमी वेळा होतं. भांडण होतं कोण, कोणत्या भाषेत, कुणासमोर बोलतो याचं.

मार्गरीतचं सांगून थांबते. हिचं पुस्तक ‘साध्या आत्म्यांचा आरसा’. त्यात प्रेम, बुद्धी आणि आत्मा या तिघी बोलतात, आणि एका टप्प्यावर बुद्धी चक्क मरून पडते. सुरुवातीलाच ती पंडितांना बजावते की तुमची अक्कल कितीही तल्लख असो, नम्र झाल्याशिवाय हे कळायचं नाही. कांब्रेच्या बिशपने ते पुस्तक वालंसिएन गावात तिच्यादेखत जाळवलं आणि पुन्हा पसरवू नको म्हणून ताकीद दिली. तिने पसरवलं. पॅरिसमध्ये दीड वर्ष कोठडीत होती, धर्मचौकशीपुढे शपथ घ्यायलाही तयार झाली नाही. एप्रिल १३१० मध्ये विद्यापीठाच्या एकवीस धर्मपंडितांनी निवाडा दिला. १ जून १३१० ला ग्रेव्हच्या चौकात तिला जिवंत जाळलं.

हे पाहून “पंडितांनी अनुभवाला जाळलं” म्हणायचा मोह होतो. पण तिच्याच पुस्तकाला आधी तिघा जाणत्यांनी पसंती दिली होती, आणि त्यांतला एक, गॉडफ्री ऑफ फाँतेन, पॅरिसचा नामांकित धर्मपंडित होता. त्याने नावं ठेवली नाहीत. उलट, फार थोड्यांची झेप इथवर जाईल, असं म्हणाला. फक्त जोडीला सल्ला दिला: हे फार लोकांना दाखवू नका.

---

गूळपोळी | शनिवार, रात्री १०:५५

वाचतेय. वाचनखूण साठवली. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

---

डॉ. खोकला | शनिवार, रात्री ११:२०

तुमच्या थॉमसच्या केसपेपरवर एक नजर. वय पन्नाशीच्या आत. अंगाने जाडजूड असल्याचं सगळेच सांगतात. वर्षानुवर्षं अतोनात काम, एका वेळी अनेक लेखनिकांना मजकूर सांगायचा म्हणतात. अचानक बोलणं मंदावलं, कामावरचं मन उडालं. पुढे प्रवासात झाडाच्या फांदीवर डोकं आपटलं आणि काही दिवसांत खेळ आटोपला. मेंदूतला लहानसा झटका, असं आजच्या काही अभ्यासकांनीही सुचवलेलं वाचलंय. मग दर्शन कुठून आलं?

---

निळी दौत | शनिवार, रात्री ११:४१

डॉक्टर, असेलही. पण झटक्याने हात थांबतो. पेंढा ही उपमा झटक्याने सुचत नाही. ती त्याच्या जन्मभराच्या वाचनातून आली. शिवाय झटका आलेल्याने मॉन्ते कासिनोचं पत्र इतकं नीटस कसं सांगितलं, हेही तुम्हीच सांगा.

---

डॉ. खोकला | शनिवार, रात्री ११:४४

लहान झटक्यात होतं तसं. पण मुद्दा पोचला.

---

तिरकी रेघ | रविवार, सकाळी ८:०५

लेख आवडला, निष्कर्ष अजिबात नाही. दौतताई, तुम्ही सगळं भाषेवर आणि परवान्यावर ढकललंत. मूळ मतभेदच नव्हता असं चित्र उभं राहतं. बर्नार्ड आणि अबेलार्ड यांचं काय करायचं? दोघेही पुरुष, दोघेही लॅटिनमध्ये लिहिणारे, दोघेही मठातले.

अबेलार्ड (१०७९–११४२) म्हणतो, प्रश्न विचारल्याशिवाय सत्य सापडत नाही. ‘होय आणि नाही’ या पुस्तकात त्याने १५८ प्रश्न घेतले आणि प्रत्येकाखाली चर्चच्या पूर्वाचार्यांची एकमेकांना छेद देणारी वचनं मांडून ठेवली. उत्तर दिलं नाही. विद्यार्थ्यांनो, जुळवा. दुसरीकडे क्लेअरवोचा बर्नार्ड (१०९०–११५३), बायबलातल्या ‘गीतरत्ना’वर ८६ प्रवचनं देऊनही ते पुस्तक पुरं न करू शकलेला. तिसऱ्याच प्रवचनात तो म्हणतो, आज आपण अनुभवाचा ग्रंथ वाचणार आहोत. आणि चौऱ्याहत्तराव्यात तर सरळ सांगतो की ‘शब्द’ (म्हणजे ख्रिस्त) माझ्याकडे येऊन गेला, कितीदा आला, पण कधी शिरला आणि कधी निघून गेला ते मला कळलं नाही. डोळ्यांनी नाही, कानांनी नाही. फक्त काळजात ऊब आली त्यावरून ओळखलं.

या जाणण्याच्या दोन निरनिराळ्या तऱ्हा आहेत. एकाला देव म्हणजे सोडवायचा प्रश्न, दुसऱ्याला येऊन गेलेला पाहुणा. ११४१ मध्ये सांसच्या धर्मसभेत दोघे समोरासमोर आले, ते परवान्याच्या भानगडीवरून नव्हे. बर्नार्डला खरोखर वाटत होतं की अबेलार्डच्या हातात देव उरत नाही, नुसती व्याख्या उरते.

---

गूळपोळी | रविवार, सकाळी ८:४०

रेघ, “पाहुणा” वाचून चहा थांबला.

---

निळी दौत | रविवार, सकाळी ११:१८

रेघ, हा प्रतिवाद हवाच होता. पण सांसला झालं काय ते पुरतं सांगूया.

अबेलार्डला वाटलं होतं, भर सभेत वाद होईल. वादात त्याचा हात धरणारा फ्रान्समध्ये कुणी नव्हता. बर्नार्डने काय केलं? आदल्या रात्री बिशपांना वेगळं बसवलं आणि अबेलार्डच्या लेखनातून वेचलेली एकोणीस वाक्यं त्यांच्यापुढे एकेक करून ठेवली. रात्रीच सगळी चुकीची ठरली. सकाळी अबेलार्डपुढे यादी वाचायला घेतली. मान्य कर, नाहीतर सोडून दे. तो वाद न घालता “मी रोमकडे दाद मागतो” म्हणून बाहेर पडला.

ही यादी नीट पाहा. पुस्तकातून वाक्यं उपटायची, आगापिछा तोडायचा, क्रमांक टाकायचे, जाणत्यांच्या मंडळापुढे ठेवायची. पॅरिसच्या एकवीस जणांपुढे मार्गरीतचं पुस्तक नव्हतंच, होते उतारे. त्यांतला पहिला असा: लीन झालेला आत्मा सद्गुणांना निरोप देतो, त्यांची चाकरी करत नाही. सुटं वाचलं तर कुणीही दचकेल. पुस्तकात त्याच्याच आसपास ती सांगते की सद्गुण आत्म्याजवळच असतात, फक्त आता मालक आणि चाकर यांची जागा बदललेली असते. ते यादीत आलं नाही.

हेच हत्यार पंडितांवरही चाललं. १२७७ मध्ये पॅरिसचा बिशप तांपिए याने विद्यापीठात शिकवली जाणारी २१९ विधानं निषिद्ध ठरवली. तारीख ७ मार्च, थॉमस जाऊन बरोबर तीन वर्षं. काही विधानं थॉमसच्या मतांना घासून जाणारी होती.

म्हणजे गंमत पाहा: अनुभवाचा ग्रंथ वाचणाऱ्या बर्नार्डनेच तर्कवाल्याविरुद्ध जी यादी चालवली, तीच दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी अनुभववाल्यांच्या मुळावर आली. हत्याराला पंथ नसतो.

(अबेलार्डचा शेवट गोड झाला, हेही नोंदवते. क्लुनीच्या पीटरने त्याला आसरा दिला, बर्नार्डशी समेट घडवून आणला आणि पुढच्याच वर्षी तो शांतपणे गेला.)

---

इरसाल नाना | रविवार, दुपारी १२:३०

एवढं लांब कशाला जायचं? आपले ज्ञानोबा त्याच काळातले. संस्कृत सोडून मराठीत आणलं, पंडित खवळले. तीच गोष्ट.

---

निळी दौत | रविवार, दुपारी १:०२

नाना, काळ जुळतो खरा, आणि मोह मलाही झाला होता. पण एकदा तुलना सुरू झाली की तिकडचं विद्यापीठ, धर्मचौकशी, पोपची राजपत्रं, हे सगळं पुसट होतं आणि धागा वारीला निघतो. वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

---

इरसाल नाना | रविवार, दुपारी १:१०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

वसईची केळी | रविवार, दुपारी ३:३५

आमच्या घरचा विषय निघालाय, तर थोडं.

शब्दांचं आधी. तुम्ही सगळे ‘धर्मशास्त्र’ म्हणताय. आमच्याकडे वसईत ईशज्ञान म्हणतात. धर्मगुरू व्हायला सेमिनरीत जाणारा मुलगा आधी तत्त्वज्ञान आणि मग ईशज्ञान शिकतो. धर्मशास्त्र म्हटलं की मला घटस्फोटाचा कायदा आठवतो. बाकी तुम्ही ठरवा.

दुसरं, थॉमस. आमच्या आजीला सुम्मा वगैरे काही ठाऊक नव्हतं. पण पवित्र साक्रामेंताच्या, म्हणजे मिस्सातल्या पवित्र भाकरीच्या, आशीर्वादाला ‘तांतुम एर्गो’ लॅटिनमध्ये तोंडपाठ म्हणायची, डोळे मिटून. अर्थ विचारला की “देवाला कळतो” म्हणायची. ती कडवी थॉमसची आहेत. ख्रिस्ताच्या देहाचा सण १२६४ मध्ये पोपने सगळीकडे लागू केला, त्याच्या उपासनेसाठी त्याने रचलेल्या मोठ्या गीताची ती शेवटची दोन. ज्या भाकरीविषयी तो वर्गात द्रव्य आणि गुण यांचा किस पाडत होता, तिच्यापुढेच बसून त्याने हे लिहिलं. इंद्रियं कमी पडतात तिथे श्रद्धेने पुरं करावं, असा त्यातल्या एका ओळीचा अर्थ. म्हणजे डिसेंबर १२७३ च्या नऊ वर्षं आधीच गडी हे म्हणून चुकला होता! ती सकाळ आकाशातून पडली नव्हती.

तिसरं, जर्मन मठवासिनी हिल्डेगार्ड (१०९८–११७९). परवाना नसलेल्या बाईकडे परवानेवालेच गेल्याचं उदाहरण. ११४८ च्या सुमाराला पॅरिसचा अध्यापक ओडो हिला पत्र लिहितो: आमच्यात वाद चाललाय, देवाचं पितृत्व आणि देवत्व म्हणजे देवच की देवापासून वेगळं काही, तुम्ही वर पाहून सांगा. वर पाहून! आणि बाई उत्तर देतात, देव अखंड आहे, त्याच्यात वेगळं काही काढता येत नाही. त्यांना ‘चर्चची आचार्या’ ही पदवी मात्र २०१२ मध्ये मिळाली. आमच्या घरी कामं अशीच होतात, सावकाश.

---

निळी दौत | रविवार, दुपारी ३:५०

केळी, ‘ईशज्ञान’ घेतला. आजीची ओळ या धाग्यातली सगळ्यात चांगली.

---

मुसळधार | रविवार, संध्याकाळी ७:२२

मी जर्मनीत एरफुर्टला राहतो, सहा वर्षं झाली. घरापासून चालत बारा मिनिटांवर डॉमिनिकनांचं जुनं चर्च आहे. माइस्टर एकहार्ट १२९० च्या दशकात इथल्या मठाचा प्रमुख होता. ‘माइस्टर’ हे नाव नव्हे, पॅरिसची पदवी. १३०२ मध्ये तो तिथे धर्मशास्त्राच्या (केळी, माफ करा, ईशज्ञानाच्या) आसनावर बसला आणि १३११ मध्ये दुसऱ्यांदा. परक्या मुलखातल्या डॉमिनिकनांत दोनदा तो मान मिळालेला त्याच्याआधी थॉमसच.

एरफुर्टमध्ये संध्याकाळच्या जेवणानंतर तो पोरसवदा भिक्षूंशी बोलायचा. ती बोलणी जर्मनमध्ये टिकली आहेत. त्यांत एक जागा आहे: तू संत पॉलसारखा समाधीत तिसऱ्या स्वर्गापर्यंत गेला असशील, आणि तुला कळलं की कुणा आजाऱ्याला तुझ्याकडून थोडं सूप हवंय, तर समाधी सोड आणि सूप दे. थंडीत इथे प्रत्येक उपाहारगृहाच्या पाटीवर दिवसाचं सूप लिहिलेलं असतं. मला दर वेळी हा आठवतो.

पण आज सांगायचं ते वेगळं. १३११ मध्ये एकहार्ट पॅरिसला परतला तेव्हा राहिला सेंट जॅकच्या डॉमिनिकन मठात. तिथेच विल्यम ऑफ पॅरिस राहत होता. तोच धर्मचौकशी अधिकारी, ज्याने वर्षभरापूर्वी मार्गरीतला चितेवर पाठवलं. दोघे एका पंगतीला जेवत असणार. एकहार्टने तिचं नाव कुठेही घेतलेलं नाही. पण ‘आत्म्याने दरिद्री ते धन्य’ यावरचं त्याचं जर्मन प्रवचन आणि मार्गरीतचा आरसा शेजारी ठेवले की अभ्यासकांना दोन्हींत एकच सूर लागतो: काही न इच्छिणारा, काही न जाणणारा, काही नसणारा. त्याच प्रवचनात तो म्हणतो, देवाने मला देवापासून सोडवावं म्हणून मी देवाची प्रार्थना करतो.

मग त्याचीही यादी झाली. १३२६ मध्ये कोलोनच्या आर्चबिशपने चौकशी लावली. फिर्यादी आर्चबिशपची माणसं, त्यांत त्याच्या स्वतःच्या संघातलेही. एकहार्टचं उत्तर मला फार आवडतं: माझी चूक होऊ शकते, मी पाखंडी होऊ शकत नाही; कारण चूक बुद्धीची असते, पाखंड इच्छेचं. प्रकरण पोपकडे आविन्योला गेलं, निकालाआधीच तो वारला. २७ मार्च १३२९ च्या राजपत्रात अठ्ठावीस वाक्यं आहेत. सतरा पाखंडी ठरली. उरलेल्या अकरांना नीट खुलासा जोडला तर ती खपतील, असं राजपत्रच म्हणतं.

दौतताईंच्या मुद्द्याला इथे आयता पुरावा सापडतो. राजपत्रातली तक्रार अशी की हे सगळं त्याने प्रवचनांत, विशेषतः अडाणी लोकांपुढे सांगितलं. वर्गात लॅटिनमध्ये बोलला असता तर कदाचित नुसती चर्चा झाली असती. त्याने मात्र याला आधीच जवाब देऊन ठेवला होता: न शिकलेल्यांना शिकवायचंच नाही म्हटलं तर कुणीच कधी शिकणार नाही.

---

तिरकी रेघ | रविवार, रात्री ८:१०

मुसळधार, झकास. पण “पुरावा” जरा घाईचा. त्या अठ्ठावीसांत त्याच्या लॅटिन लेखनातली वाक्यंही आहेत, आणि सुरुवातीलाच आहेत. जग अनादी आहे की काय, हा काही बाजारातल्या बाईच्या वाटेतला काटा नव्हे. त्यावरही बोट ठेवलंय. भाषा हे एक कारण, एकमेव नव्हे.

---

निळी दौत | रविवार, रात्री ८:३३

मान्य. “फार कमी वेळा” म्हणाले होते, ते “पुष्कळदा नव्हतं” असं वाचा.

---

गूळपोळी | रविवार, रात्री ९:०५

बावळट प्रश्न. मग इंग्लंडमधल्या नॉर्विचची ज्युलियन कशी वाचली? बाई, इंग्रजीत लिहिणारी, शिवाय “सगळं ठीक होईल” म्हणणारी. पापी लोकांचं काय मग? तिची यादी कुणी का केली नाही?

---

निळी दौत | रविवार, रात्री १०:२०

बावळट कसला, मी हाच टाळत होते.

थोडक्यात कारणं: ती चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या कोठडीत स्वतःला कोंडून घेतलेली, म्हणजे चर्चच्या नजरेखाली. पुस्तक घेऊन गावोगाव फिरली नाही. चर्च शिकवतं त्याबाहेर मला जायचं नाही, हे ती पुन्हा पुन्हा म्हणते. हस्तलिखितं फारशी पसरली नाहीत.

पण मला तिच्याबद्दल निराळंच सांगायचंय. मे १३७३, वय साडेतीस, मरणाच्या दारात, आणि तिला सोळा दर्शनं होतात. एक रात्र-दिवस, संपलं. त्यावर आधी छोटं पुस्तक, पंचवीस प्रकरणांचं. मग मोठं, शहाऐंशी प्रकरणांचं. मधल्या काळात ती काय करत होती? विचार. एक दर्शन होतं: एक धनी, एक नोकर. धनी कामावर पाठवतो, नोकर प्रेमापोटी धावत सुटतो, खड्ड्यात पडतो, आणि पडल्यावर मान वळवून धन्याकडे पाहता येत नाही, हेच त्याचं सगळ्यात मोठं दुःख. धनी मात्र रागावलेला नाही. याचा अर्थ तिला लागेना. छोट्या पुस्तकात तिने ते घेतलंच नाही. ती स्वतः लिहिते की वीस वर्षांना तीन महिने कमी असताना आतून शिकवण आली: नोकराच्या अंगरख्याचा रंग बघ, धनी कुठे बसलाय बघ, एकूण एक तपशील बघ. आणि मग ती बघते. ओळीओळीने, रंगारंगाने, आदाम आणि ख्रिस्त दोघे त्या एकाच नोकरात कसे आहेत ते उलगडते. पॅरिसचा पंडित पवित्र शास्त्राच्या उताऱ्याचं जे करतो तेच, फक्त उतारा तिच्या स्वतःच्या डोळ्यांपुढचा.

याला अनुभव म्हणायचं की ईशज्ञान? ती स्वतःला अक्षरशत्रू म्हणवते, त्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

---

वसईची केळी | रविवार, रात्री १०:४८

वीस वर्षांना तीन महिने कमी. बाईंनी दिवस मोजले होते.

---

तिरकी रेघ | सोमवार, सकाळी ७:३०

ज्युलियन दिलीत तर मी थोडा हटतो. पण पूर्ण नाही. हा प्रश्न त्या लोकांनी स्वतःच, आमच्या-तुमच्या शब्दांत विचारलेला आहे.

पॅरिस विद्यापीठाचा कुलपती झां गेरसों (१३६३–१४२९) गूढ ईशज्ञानावर विद्यापीठातच व्याख्यानं देतो आणि त्यांत कबूल करतो की ही वाट अडाणी बायाबापड्यांनाही सापडू शकते, कारण ती प्रेमाची वाट आहे. बहिणींसाठी त्याने ध्यानावर फ्रेंचमध्ये पुस्तक लिहिलं. तोच गेरसों राउसब्रुक या डच बोलीत लिहिणाऱ्या गूढवाद्याच्या पुस्तकावर मात्र तुटून पडतो, कारण त्यात आत्मा देवात विरघळतोसा वाटतो. हा परवान्याचा प्रश्न नाही, काळजीचा आहे. मीठ पाण्यात गेलं तर मग नमस्कार कोण कुणाला करणार?

आणि १४५२. बव्हेरियात टेगर्नझे तळ्याकाठच्या बेनेडिक्टिन मठातून कार्डिनल निकोलस ऑफ कुसाला पत्र जातं: बुद्धीने काहीही न जाणता, नुसत्या प्रेमाच्या ओढीने आत्मा देवापर्यंत पोचतो का? आग्सबाखचा व्हिन्सेंट नावाचा कार्थुसियन भिक्षू ठासून सांगत होता, हो पोचतो, आणि गेरसों नि कुसा दोघेही चुकलेत. कुसाचं म्हणणं: ज्याची काहीच ओळख नाही त्यावर प्रेम कसं बसेल? ओळख हवी, पण आपल्याला कळत नाही हे कळण्याइतकी शहाणी. (‘शहाणं अज्ञान’ हे त्याचं १४४० चं पुस्तक. त्याच्या संग्रहात एकहार्टच्या लॅटिन लेखनाची प्रत होती, हेही ध्यानात ठेवा.) तर दौतताई, या भिक्षूंना परवाना होता, लॅटिन होतं, कुणी कुणाला जाळत नव्हतं. तरी ते भांडले.

---

निळी दौत | सोमवार, सकाळी ९:१५

हरले, निदान या फेरीत. चिता नसली की भांडण किती नीट होतं!

पण कुसाने १४५३ मध्ये त्यांना उत्तरादाखल जे पाठवलं ते सांगायचं राहिलं. पुस्तक, आणि सोबत एक चित्र. चेहऱ्याचं चित्र, डोळे असे काढलेले की कुठूनही पाहा, तुमच्याकडेच बघतात. भिक्षूंना त्याने प्रयोग लिहून दिला. उत्तरेच्या भिंतीवर टांगा. अर्धवर्तुळात उभे राहा. प्रत्येकाला वाटेल, माझ्याकडेच पाहतोय. आता एकाने पूर्वेकडून पश्चिमेकडे चाला. नजर सोबत येते. मग दुसऱ्या भावाला उलट दिशेने चालायला सांगा, आणि वाटेत भेटल्यावर विचारा, तुझ्याबरोबरही नजर हलली का? तो हो म्हणेल. आणि कुसा म्हणतो, त्याने सांगितल्याशिवाय, आणि तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवल्याशिवाय, हे शक्य आहे असं तुम्हाला कळलंच नसतं.

अनुभव ज्याचा त्याला. पण तो दुसऱ्यालाही येतो, हे मात्र विचारूनच कळतं.

---

मुसळधार | सोमवार, दुपारी १२:४०

मार्गरीतचं शेपूट कुणी सांगितलंच नाही. तिचं पुस्तक जळलं नाही. लेखिकेचं नाव गळून पडलं आणि ते लॅटिन, इटालियन, इंग्रजीत फिरत राहिलं, मठामठांत. १९२७ मध्ये त्याची जुनी इंग्रजी प्रत कॅथलिक चर्चच्या रीतसर छपाई-परवानगीने बाहेर आली. लेखक अज्ञात. १९४६ मध्ये रोमाना ग्वार्निएरी या इटालियन अभ्यासक बाईंनी ओळखलं की हे तर पॅरिसला जाळलेल्या त्या बाईचं. आणि ही बातमी छापून आली व्हॅटिकनच्याच वर्तमानपत्रात.

---

वसईची केळी | सोमवार, दुपारी १२:५८

म्हटलं ना, सावकाश.

---

डॉ. खोकला | सोमवार, रात्री ९:३०

दवाखान्यात आजोबांचा फोटो आहे, समोर बघणारा. दुपारी पेशंट नव्हते. मी दाराकडून टेबलाकडे चाललो, कंपाउंडरला टेबलाकडून दाराकडे चालवलं. मध्ये भेटल्यावर विचारलं, तुझ्याकडे बघतायत का? म्हणाला, “हो, पण डॉक्टर, तुमचं बीपी तपासू का?”